हसणं काढायचं राहिलं

हनीफ, तुझ्या मातीला मी भाषण तयार करून आलो होतो.

हसू नकोस. बरं भाषण होतं. दोन-तीन ठिकाणी लोक नक्की हसले असते आणि एका ठिकाणी मी थांबून चष्मा पुसणार होतो. ती जागा मी घरी आरशासमोर करूनही पाहिली होती. आमच्याकडे वैकुंठ स्मशानभूमीत कसं चालतं ते तुला पाठ आहे. इकडे दाहिनीचं दार बंद होतं आणि तिकडे कुणीतरी 'दोनच शब्द बोलतो' म्हणून उभा राहतो. त्याचे दोन शब्द संपेपर्यंत मागच्या रांगेत घड्याळं बघणं सुरू होतं. माझ्या मामाच्या वेळी तूच माझ्या कानात म्हणाला होतास, "लेखकराव, मामांना आता घाई नाही, पण मला दुकान उघडायचंय."

तुमच्याकडे असलं काही नसतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. नमाज झाली, मी मागे उभा राहिलो. माती द्यायची वेळ आली तेव्हा रांगेत जाऊन मीही मूठभर दिली. दुआ झाली आणि लोक चपला शोधायला लागले. संपलं. मी खिशात कागद घेऊन तसाच उभा. तुझ्या मेव्हण्यानं जवळ येऊन विचारलं, "कुणाला शोधताय का?" मी 'माइक' म्हणता म्हणता थांबलो.

तेव्हा ते राहिलेलं भाषण इथे करतोय. फरक इतकाच, की त्या दिवसापासून ते माझ्या हातात बिघडत चाललंय. हसण्याच्या जागा एकेक करून गळताहेत.

सुरुवात तुझ्या दुकानापासून करणार होतो. रविवार पेठेतलं चष्म्याचं दुकान, काउंटरच्या मागे नंबर तपासायची काळोखी खोली, आणि त्या खोलीतून येणारा तुझा तो आवाज. "खालची ओळ वाचा." साध्या तीन शब्दांत माणूस घाबरावा असा आवाज रे. आभाळातून कुणीतरी हिशेब मागतंय असं वाटायचं. जोशीबाईंचा किस्सा आठवतो? भिंगं बदलायला आल्या होत्या. तू म्हणालास, "आता डावा डोळा झाका," आणि बाईंनी दोन्ही डोळे मिटून हात जोडले. तू विचारलंस, "मावशी, नंबर काढायचाय की नवस फेडायचाय?" त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही आमच्या चौकातले गणपती ना?"

होतासच तू. आमच्या चौकातला गणपती तूच होतास. पलीकडच्या चौकातला श्रीकृष्ण आणि नदीकाठच्या मंडळातला यमसुद्धा. पुण्याबाहेरच्या माणसाला जिवंत देखावा समजावून सांगणं अवघड जातं. मांडवात रंगमंच असतो, त्यावर खरी माणसं उभी असतात, हात करतात, तोंडं हलवतात, पण बोलत कुणीच नाही. बोलणं आधीच सुभाषच्या शनिवार पेठेतल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेलं असतं. सोंड लावलेला पोरगा कुणी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आणि त्याच्या तोंडून बोलणारा तू. मी लिहायचो, तू बोलायचास. लोकांना माझं नाव ठाऊक नव्हतं आणि तुझा चेहरा ठाऊक नव्हता. इतकं सुखाचं लेखकपण मला पुन्हा मिळालं नाही.

माझ्या आवाजाबद्दल तुझं मत स्पष्ट होतं. स्टुडिओत एकदा मी तुला वाक्य म्हणून दाखवायला गेलो, तर तू हेडफोन काढून म्हणालास, "तुझा आवाज चांगला आहे. खिशात ठेवण्यासारखा आहे." सुभाष काचेपलीकडे टेबलावर डोकं ठेवून हसत होता.

आणि तुझं हसणं. गणपतीचं हसणं तुझ्याइतकं कुणालाच जमलं नाही. ते पोटात कुठेतरी सुरू व्हायचं, वर यायला वेळ घ्यायचं, मांडवाच्या कापडाला हलवून जायचं आणि अगदी शेवटी, सगळं संपल्यावर, एक छोटासा 'हं' यायचा. भिंग बरोबर बसलं की तू गिऱ्हाइकासमोर करायचास, तोच 'हं'. लहान मुलं त्या 'हं'साठी देखावा दोनदा बघायची.

एका वर्षी रमजान आणि गणपती अंगावर एकदमच आले. सुभाषनं दुपारी रेकॉर्डिंग लावलं. तू रोज्यात. घसा कोरडा, पाणी नाही. दोन वाक्यं झाली आणि सुभाष काचेतून म्हणाला, "हनीफभाई, बाप्पा कोरडा लागतोय हो." तू गंभीरपणे म्हणालास, "बाप्पाचा रोजा आहे. संध्याकाळी या." आणि खरंच संध्याकाळी सगळे पुन्हा जमलो. तू खजूर खाल्लास, पाणी प्यालास, आम्हालाही दिलंस, आणि मग गणपतीच्या आवाजात मूषकाला झापलंस. हा किस्सा मी इतक्या ठिकाणी सांगितला, की आता तो माझ्यावर गेला आहे की मी त्याच्यावर, मला कळत नाही.

भाषणाचा हा भाग तसा अजून धड आहे. इथून पुढचा बिघडलाय.

आपली पहिली मोठी भांडाभांडी तुला आठवत असेल. मी एक एकांकिका लिहिली होती. तीत सगळ्याच धर्मांच्या दुकानदारांना मी सारखं धुतलं होतं. भटजी होता, बुवा होता, एक मौलवीही होता. मौलवीसाठी मला तुझा आवाज हवा होता. तू संहिता वाचलीस, शेवटच्या पानापर्यंत हसलास आणि म्हणालास, "हा मी करणार नाही."

"का? भटजीवर हसलास की!"

"मौलवीवरपण हसलो. पण माझ्या तोंडातून नाही."

"म्हणजे तूही कात्री घेऊन बसलास."

"कात्री कुठे? तू लिही. तू छाप. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीन. फक्त मला बोलायला लावू नकोस. बोलायचं स्वातंत्र्य तुझं, तसं न बोलायचं माझं."

मी तेव्हा चिडलो होतो. तुला भित्रा म्हणालो होतो, आणि तू "खालची ओळ वाच" म्हणून मला दुकानाबाहेर काढलं होतंस. दुसऱ्या नटानं मौलवी केला. तू खरंच पहिल्या रांगेत येऊन बसलास आणि खरंच टाळ्या वाजवल्यास. तो वाद आपण कधी संपवला नाही. चहाला विषय नसला की काढायचो. मला वाटायचं, तू फरक सांगतोयस तो पळवाटेचा आहे. आज मला वाटतं, तोच एक फरक आहे. दुसऱ्याचं तोंड दाबणं वेगळं आणि आपलं तोंड आपल्यापाशी ठेवणं वेगळं. हे तुझ्यासमोर मान्य केलं असतं तर तू महिनाभर छळलं असतंस, म्हणून आत्ता करतोय.

आता तो देखावा.

गोष्ट मी मजेतच लिहिली होती. एक चित्रकार गणपतीचं चित्र काढतो आणि कान थोडे लहान काढतो. विचारलं तर सांगतो, बाप्पाला आवाजाचा त्रास होतो. झालं. चौकात दोन गट पडतात, बाप्पाचा अपमान झाला म्हणून एक गट, आधी त्यांनीच केला म्हणून दुसरा. भांडण, आरडाओरडा, चित्रकाराची कॉलर. बाप्पा बिचारा सगळा वेळ गप्प. शेवटी तो तोंड उघडतो आणि म्हणतो, "माझा अपमान झाला म्हणता. मला कुणी विचारलं?" आणि हसतो.

तू ते वाक्य असं बोललास की सुभाषनं टेप थांबवून स्वतःशीच मान हलवली. पोलीस ठाण्यात संहिता दाखवायला दिली होती. साहेबांनी वाचली, चहा पाजला, "मुलांना घेऊन येतो" म्हणाले. शिक्का मिळाला. कुठेही काहीही अडलं नव्हतं.

आणि मग मंडळाच्या अध्यक्षांनी, बापूंनी, आपल्या दोघांना बोलावलं. बापू वाईट माणूस नाही. तुझ्याकडूनच चष्मा करायचा, आणि दर वर्षी मोदकाचा पहिला डबा तुझ्या दुकानात धाडायचा. त्या दिवशी मात्र तो मांडवाच्या मागच्या खोलीत चहाच्या कपाकडे बघत बसला होता.

"वातावरण बरं नाही," तो म्हणाला.

"बापू, बंदी आली का?"

"छे! बंदी कोण म्हणतंय?"

"मग हरकत कुणाची?"

"हरकत अशी नाही. काही मुलं भेटून गेली."

"कुठली मुलं?"

"आपलीच आहेत."

"काय म्हणाली?"

"काही म्हणाली नाहीत हो. नुसतं म्हणाली, बघा."

"काय बघा?"

"तेच ते. वातावरण."

पुण्यात वेधशाळा आहे, पण वातावरणाची पक्की खबर आम्हाला मंडळाच्या अध्यक्षाकडून मिळते. मी हे तिथेच बोललो आणि बापू हसलासुद्धा. मग म्हणाला, "आपण एक काहीतरी करू. ते शेवटचं वाक्य काढू. नाहीतर..." तुझ्याकडे न बघता, कपाकडेच बघत, "...आवाज. बाप्पाचा आवाज दुसऱ्या कुणाचा घेऊ. दोन्ही राहिलं तर माझ्याच्यानं निभणार नाही."

पुढचं आपण दोघं एकदम बोललो. मी म्हणालो, "वाक्य काढा." तू म्हणालास, "वाक्य ठेवा."

तुझा आवाज मोठा. माझा खिशातला. बापूला तुझाच ऐकू आला.

बाहेर रस्त्यावर मी तुझ्यावर ओरडलो. "तुला कुणी अधिकार दिला?"

"माझा आवाज आहे. ठेवीन नाहीतर देईन."

"आणि वाक्य माझं आहे! मी ठेवीन नाहीतर काढीन!"

"वाक्य बोलायला दुसरा मिळेल. वाक्यच गेलं तर कुणाच्याच तोंडून येणार नाही. डोकं चालव जरा."

"आज आवाज घेतला. उद्या वाक्यही मागतील."

"मागतील तेव्हा भांड. माझं गिऱ्हाईक डोळ्यात औषध घालून बसलंय."

आणि तू गेलास. आदेश नाही, नोटीस नाही, एक ओळीचा कागद नाही. कागद असता तर मी वकिलाकडे गेलो असतो, सह्या गोळा केल्या असत्या, अलका चौकात फलक घेऊन उभा राहिलो असतो. चहाच्या कपाकडे बघणाऱ्या माणसाविरुद्ध कुठे दाद मागायची, हे अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

नवा आवाज कोथरूडचा. जाहिरातींना आवाज देणारे गृहस्थ, सभ्य माणूस, वेळेवर आले. गणपतीची वाक्यं ते टूथपेस्टसारखी बोलायचे. शेवटी चकाकी यायची. तू स्वतः स्टुडिओत आलास आणि त्यांना समजावून सांगितलंस, "साहेब, 'मला' नंतर थांबा. श्वास घ्या. लोकांना वाटू द्या की बाप्पा बोलणार नाही." मी त्या वेळी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. सुभाषकडे जागा नव्हती, त्यानं तुझे संवाद पुसून त्यावरच नवे घेतले.

संवाद पुसले. आणि इथे सुभाषनं, बापूनं, आपण सगळ्यांनीच ती चूक केली. हसणं संवादांत नव्हतंच. ते दुसऱ्या ट्रॅकवर होतं, घंटा, डमरू, गर्दीचा गलका आणि उंदराची खुडबुड यांच्याबरोबर. सुभाषच्या हिशेबी ते माणसाचं बोलणं नव्हतं, आवाजांच्या सामानातलं सामान होतं. ते काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी आपण दोघं गर्दीत मागे, कणसाच्या गाडीशी उभे होतो. तुला कशाला यायचं होतं, हे मी विचारलं नाही. तुझ्या हातात लिंबू-तिखट चोळलेलं कणीस होतं. देखावा सुरू झाला. भांडण झालं, कॉलर धरली गेली, आणि सोंडवाल्या पोरानं हात वर केला. टूथपेस्टच्या आवाजात बाप्पा म्हणाला, "माझा अपमान झाला म्हणता. मला... कुणी विचारलं?"

आणि मग तू हसलास. मांडवातून. कापड हललं. पोटातून सुरू झालेलं ते, वर येत येत, सगळ्या चौकावरून गेलं, आणि शेवटी 'हं'. पुढे बसलेली मुलं त्या 'हं'बरोबर हसली. त्यांच्यामागच्या आया हसल्या. बापू स्टेजच्या कोपऱ्यात उभा होता, त्याचा चेहरा मी इथे वर्णन करत नाही, तो माझ्या भाषणातला उत्तम भाग होता.

तू कणीस तोंडाशी धरून थांबलास. मग म्हणालास, "अरे, हे काढायला विसरले."

मी ओरडणार होतो. 'हा बघा, हा इथे उभा आहे, हा ज्याचं हसणं आहे तो!' असंच काहीतरी, हात वर करून. तू माझं मनगट धरलंस. घट्ट. "गप्प बस," म्हणालास. "लोक हसतायत."

त्या दहाही संध्याकाळी बाप्पा एकाच्या आवाजात बोलला आणि दुसऱ्याच्या आवाजात हसला. कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. भेटून जाणारी मुलंसुद्धा हसून गेली असतील.

मला लिहायचं होतं. नावासकट, गावासकट. तू मनाई केलीस. ती तुझी एकमेव बंदी, आणि तिच्यावरून आपण अगदी शेवटपर्यंत भांडलो.

"छापून आलं की उद्यापासून मी उदाहरण होणार," तू म्हणालास. "दोन्हीकडचे लोक मला वापरणार. आतापर्यंत मी आवाज होतो, तुझ्या लेखात मी मुसलमान होईन."

"म्हणजे तू गप्प बसायचं, मीही गप्प बसायचं, आणि बापूनं मोदक वाटायचे?"

"तू कुठे गप्प बसतोस? सांगतोयस की घराघरांत."

ते खरं होतं. छापायला बंदी होती, सांगायला नव्हती. मी ती गोष्ट किस्सा म्हणून सांगायला लागलो. लग्नात, सहलीत, वारज्याला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर. टूथपेस्टची नक्कल, बापूचा चेहरा, कणीस, आणि शेवटी तुझं 'हं'. लोक लोळायचे. तू समोर असलास तर लोक तुझ्याकडे बघायचे आणि तूही हसायचास. वर्षभरात तो माझा सगळ्यात यशस्वी प्रयोग झाला. वाक्य राहील हा तुझा हिशेब मात्र चुकला आणि माझं भाकीत खरं ठरलं. पुढच्या वर्षी वाक्यही गेलं. कुणी मागितलं नाही. मंडळानं देखाव्याऐवजी रोषणाई केली. दिव्यांना संवाद नसतात. तुला त्यानंतर कुणी बोलावलं नाही आणि तूही कुणाला विचारलं नाहीस.

तू गेल्यावर बापू माझ्याकडे वारज्याला आला. डोळे लाल होते त्याचे, खोटं नाही सांगत. म्हणाला, "यंदा तोच देखावा परत करू. हनीफभाईंना श्रद्धांजली."

"वाक्यासकट?"

"वाक्यासकट. अजून तरी कुणी भेटून गेलं नाही. आणि एक, तुम्ही काही लिहिणार असाल तर असं लिहा, की हसणं आम्ही मुद्दाम ठेवलं होतं."

"मुद्दाम ठेवलं होतं का, बापू?"

तो पंख्याकडे बघत म्हणाला, "नाही हो. विसरलोच. पण आता वाटतं, मुद्दाम ठेवायला हवं होतं."

मी म्हणालो, देखाव्याच्या शेवटी प्रकाश, वेशभूषा करणाऱ्यांची नावं वाचता. त्यात तुझंही वाचा. हास्य, हनीफ तांबोळी. बापू म्हणाला, "बघतो."

मग हे लिहायला बसलो. तुझी बंदी होती म्हणून आधी भाभींना वाचून दाखवायचं ठरवलं. नवरा गेल्यानंतरची इद्दत सुरू आहे, त्या बाहेरच्या माणसासमोर येत नाहीत, आणि इतक्या वर्षांच्या चहानंतर मी बाहेरचा माणूस आहे हे मला दारात कळलं. तुझ्या लेकीनं, सनानं, मला बाहेरच्या खोलीत बसवलं, आतल्या दाराचा पडदा ओढला आणि मधे उंबऱ्यावर बसली. मी पडद्याला वाचून दाखवलं. जोशीबाईंपाशी आतून हसू आलं. रोज्यापाशीही. कणसाच्या जागी मी तुझी नक्कल जरा रंगवून केली, आणि आतून काहीच आलं नाही.

संपल्यावर शमीमभाभींचा आवाज आला. "दिगंबरभाऊ, एक विचारू? ते कणीस त्यांनी तिथे संपवलं, असं लिहिलंय का तुम्ही?"

"नाही, तसं लिहिलं नाही. पण खाल्लं असेल की."

"घेऊन आले होते घरी. एक घास लागलेलं. ओट्यावर ठेवलं आणि बसले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, माझं हसणं चालतं त्यांना, बोलणं चालत नाही."

पडदा हलत नव्हता. सना जमिनीकडे बघत होती.

"तुम्ही सांगायचा ना तो किस्सा," भाभी म्हणाल्या, "मीपण हसायचे. छान सांगता तुम्ही. तेपण हसायचे. तुमच्यासमोर दुसरं काय करणार?"

मी कागदाची घडी घातली आणि पुन्हा उघडली.

"आणि आमच्याकडच्यांनीपण सांगून बघितलं होतं त्यांना. आधीपासूनच. मशिदीतले एक बुजुर्ग दुकानात येऊन बसायचे. मूर्तीला आवाज देणं बरं नाही म्हणायचे. ओरडायचे नाहीत, चहा पिऊन जायचे. हे म्हणायचे, मी मूर्तीला देत नाही, माझा दोस्त लिहितो त्याला देतो. कितीतरी वर्षं चाललं ते. तुम्हाला बोलले नसतील."

"नाही बोलला कधी."

"तुम्ही त्याचापण किस्सा केला असता," भाभी म्हणाल्या. रागानं नाही. मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

हनीफ, इथे माझं भाषण पुरतं मोडलं. मला वाटत होतं आपल्या दोघांच्या भांडणात मी बोलण्याच्या बाजूचा आणि तू गप्प बसण्याच्या. आणि तू इतकी वर्षं दोन्हीकडच्या चहांना तोंड देऊन, माझी वाक्यं बोलत होतास. मौलवी न करण्यामागे कोण दुकानात येऊन बसत होतं, ते मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी त्यांच्यावर अजून एक एकांकिका लिहिली असती, आणि तू पुन्हा मधेच सापडला असतास. हे भाभींना कळत होतं. तुला कळत होतं. लेखकराव तेवढे टाळ्या मोजत होते.

मी विचारलं, "मग छापू की नको?"

"छापा," त्या म्हणाल्या. "ते नको म्हणायचे कारण दुकान होतं, मुलीचं लग्न व्हायचं होतं. आता काय. पण भाऊ, शेवटी त्यांनी सगळ्यांना माफ केलं, असलं काही लिहू नका. हसले म्हणजे माफ केलं, असं नसतं. माफ केलं का नाही, ते मलापण सांगितलं नाही."

लिहीत नाही. माझ्या कागदावर ते वाक्य होतं, हनीफ. शेवटून दुसरं. मी तिथेच, सनाच्या पेननं, खोडलं. माझ्या लिखाणातलं वाक्य मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलं, आणि ते काढल्यावर लेख सुधारला. ही गोष्ट तुझ्याशी बोलायची होती. याच्यावर आपले किमान चार चहा झाले असते. ही कात्री होती की नाही? मला अजून नीट कळलेलं नाही. सांगणाऱ्याकडे कसली ताकद आहे, त्यावर ठरत असेल. पडद्यामागे बसलेल्या बाईकडे कसलीच नव्हती.

काल बापूचा फोन आला. "नाव घ्यायचं ठरलं," म्हणाला. मी खूश. मग म्हणाला, "फक्त ते सगळ्यात शेवटी घेऊ. ढोल सुरू झाले की. म्हणजे घेतलं असंही होईल, आणि..."

"आणि कुणाला ऐकूही येणार नाही."

"तसं नाही हो. वातावरण."

त्याच्यावर ओरडलो नाही. त्यानं एवढं ठरवायला किती फोन केले असतील, कुणाकुणाच्या चहाच्या कपाकडे बघितलं असेल, ते मला दिसत होतं. पण मला पटलं नाही. तुला पटलं असतं. तू म्हणाला असतास, घेतायत ना, पुरे. आपण पुन्हा रस्त्यावर भांडलो असतो आणि तू डोळ्यात औषध घातलेल्या गिऱ्हाइकाकडे निघून गेला असतास.

गणपती आता आलेच. पहिल्या संध्याकाळी मी कणसाच्या गाडीशी उभा असेन. सनाही येते म्हणाली आहे. कोथरूडचे साहेब बोलतील, मग तू हसशील, मुलं 'हं'ची वाट बघतील, आणि तुझं नाव यायच्या आधी ढोल सुरू होतील. त्या वेळी मी ते घेणार आहे. माझा आवाज खिशातला आहे हे मला माहीत आहे, शेजारच्या दोन माणसांपलीकडे तो जाणार नाही. तरी घेणार. एकदा नाही, ढोल थांबेपर्यंत.

यंदा मनगट धरायला तू नाहीस.